दवाखाना आधी, इमारत नंतर

गडचिरोली शहरातून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की सुमारे १७ किलोमीटरवर, चातगावजवळ, शोधग्राम येतं. इथला माँ दंतेश्वरी दवाखाना लांबून पाहिला तर दवाखाना वाटत नाही. मजले नाहीत, लांबलचक कॉरिडॉर नाही, खाटांच्या रांगा लावलेला वॉर्ड नाही. झाडांमध्ये बैठ्या झोपड्या, मधे मोकळी जागा आणि आवारात देवी, असा एखाद्या गोंडी टोल्यासारखा सगळा थाट. ही कुणा वास्तुविशारदाची हौस नव्हे. ज्यांच्यासाठी दवाखाना बांधायचा होता, त्यांनी आधी भरपूर तक्रारी केल्या आणि त्या ऐकून घेतल्या गेल्या, म्हणून तो असा आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. काही वर्षांनी आदिवासींसाठी रुग्णालय उभारायची वेळ आली, तेव्हा त्यांनी गावागावांतल्या लोकांना एक साधा प्रश्न विचारला: तुम्ही सरकारी दवाखान्यात का जात नाही? अंतर, पैसा, अज्ञान ही शहरी माणसाला सुचणारी उत्तरं. आलेली उत्तरं निराळी होती. तिथली माणसं आमची भाषा बोलत नाहीत. एवढ्या मोठ्या इमारतीत कुठे जायचं ते कळत नाही. आजारी माणसाला एकट्याला आत ठेवून घेतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढरं कापड तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. शिवाय तुमच्या दवाखान्यात देव नाही, मग तिथे माणूस बरा होईलच कसा?

यातली एकही तक्रार वैद्यकीय नाही, आणि एकही दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

म्हणून १९९३ मध्ये जो दवाखाना उभा राहिला, त्यात वॉर्डाऐवजी झोपड्या आल्या. रुग्णासोबत घरच्यांनी राहावं, चूल मांडावी, आपलं आपण रांधावं, अशी सोय झाली. नाव काय द्यायचं हेही लोकांनीच सांगितलं. दंतेश्वरी ही बस्तरची देवी. तिचं मूळ ठाणं छत्तीसगडमधल्या दंतेवाड्याला, पण गडचिरोलीतले गोंडही तिला मानतात. देवीच्या नावानं शोधग्रामात दरवर्षी जत्रा भरू लागली आणि जत्रेला जोडून आदिवासींची आरोग्य-सभा होऊ लागली. यंदा कुठल्या आजाराशी भांडायचं, हे त्या सभेत गावोगावचे प्रतिनिधी सांगतात. त्यांनी मलेरियाचं नाव घेतलं आणि संस्थेनं मलेरियाचं काम हाती घेतलं. रुग्णालयाच्या कामाची दिशा रुग्णांनी ठरवायची, ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या पंचतारांकित इस्पितळातही सहसा पाहायला मिळत नाही.

आफ्रिकेच्या धर्मादाय वैद्यकीय इतिहासात याच्याशी जुळणारं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर १९१३ मध्ये आजच्या गॅबन देशात ओगोवे नदीकाठी लांबारेने इथे गेले. तपासणीची त्यांची पहिली खोली म्हणजे कोंबड्यांचं जुनं खुराडं होतं. पुढे त्यांनी जे रुग्णालय उभं केलं तेही गावासारखंच होतं. रुग्णाबरोबर सगळं कुटुंब येई, अंगणात स्वयंपाक होई, कोंबड्या-शेळ्या फिरत. नंतर युरोपातून आलेल्या पाहुण्यांनी तिथल्या अस्वच्छतेवर टीका केली आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण लांबारेने आणि शोधग्राम यांत मोठा फरक आहे. श्वाइट्झर यांनी ‘या लोकांना काय रुचेल’ हे स्वतः ठरवलं, आणि त्यांच्या नजरेत वसाहतीच्या काळातला थोरल्या भावाचा तोरा शेवटपर्यंत राहिला. शोधग्रामात ते लोकांना विचारून ठरलं.

याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, भामरागड तालुक्यातल्या हेमलकशात, वीस वर्षं आधी सगळं उलट्या क्रमानं घडलं होतं. तिथे विचारायला लोकच समोर येत नव्हते.

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो सगळा मुलूख चांदा ऊर्फ चंद्रपूर जिल्ह्यात होता. वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. आलापल्लीहून भामरागडकडे सुमारे ६५ किलोमीटर घनदाट जंगल, मधे नाले, आणि पलीकडे पर्लकोटा, पामुलगौतम, इंद्रावती या नद्यांचा संगम. बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे यांनी नागपूरला सुरू असलेलं शस्त्रक्रियेतलं पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडलं. त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी या भूलतज्ज्ञ. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. बरोबर बाबांच्या वरोऱ्याच्या आनंदवनातले काही कार्यकर्ते. एवढ्या भांडवलावर दवाखाना सुरू झाला.

पण तिथले माडिया आदिवासी तिकडे फिरकेनात. अनोळखी माणूस दिसला की लोक जंगलात पळून जात. जंगल खात्याचा शिपाई किंवा ठेकेदाराचा माणूस सोडून बाहेरचं कुणी त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि या दोघांचा अनुभव काही चांगला नव्हता. आजार म्हणजे देवाचा कोप किंवा करणी, आणि त्यावर उपाय करणारा पुजारी गावात होताच. अशा वेळी दवाखान्याची इमारत कितीही देखणी असती तरी उपयोग नव्हता. इमारत नव्हतीच म्हणा. झोपड्या होत्या, वीज नव्हती, फोन नव्हता. पावसाळ्यापूर्वी धान्य, मीठ, रॉकेल आणि औषधं काही महिन्यांची भरून ठेवायची, कारण पुढे रस्ताच उरत नसे. डॉक्टर मंडळी माडिया भाषा शिकली. प्रकाश आमटे यांनी बनियन आणि अर्धी चड्डी हाच कायमचा पोशाख केला, कारण समोरच्या माणसाच्या अंगावर तेवढंही नसायचं.

पुजाऱ्यानं हात टेकले की मगच माणूस दवाखान्यात यायचा, म्हणजे बहुधा मरणाच्या दारात. मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया, सडलेली जखम, अस्वलानं फाडलेला चेहरा, अडलेली बाळंतीण. यातले काही जगले. बेशुद्ध होऊन खाटेवर आलेला माणूस आठवड्यानं पायी घरी गेला, की पुढचं काम त्याची चाललेली वाट करायची. दवाखान्याची बातमी अशीच पसरली, टोल्यामागून टोला. इंद्रावतीपलीकडून, बस्तरमधूनही माणसं येऊ लागली. शल्यचिकित्सा अर्धवट शिकलेल्या डॉक्टरला तिथे हाडंही बसवावी लागली, डोळ्यांचे मोतीबिंदूही काढावे लागले आणि बाळंतपणंही करावी लागली. एक्स-रे नसताना हाड कुठे मोडलं आहे हे बोटांनी चाचपून ठरवायचं आणि कंदिलाच्या उजेडात टाके घालायचे. वैद्यक परिषदेच्या नियमात हे कुठे बसलं असतं, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याचं उत्तर सोपं आहे: परिषदेनं मान्य केलेला दुसरा डॉक्टर आसपास उपलब्धच नव्हता.

१९७३ च्या या धाडसामागे आनंदवनाचा वीस-बावीस वर्षांचा अनुभव होता, हे विसरून चालत नाही. वरोऱ्याला १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेऊन आले. १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये घेऊन दगडाळ माळावर आनंदवन सुरू झालं. तिथे पहिली खणाखणी झाली ती विहिरीची. पाण्याशिवाय जखम धुता येत नाही, ही अगदी साधी गोष्ट, पण आजही कित्येक ग्रामीण आरोग्य केंद्रांच्या नकाशात पाणी शेवटी येतं. वरोऱ्याच्या आसपासच्या गावांत बाबांनी कुष्ठरोगाचे साप्ताहिक दवाखाने चालवले, म्हणजे रुग्णानं वरोऱ्याला यायची वाट न पाहता औषधच बाजाराच्या गावी न्यायचं. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक १९५० च्या दशकात आनंदवनात येऊन राहिले आणि रुग्णांच्या बरोबरीनं त्यांनी तिथे बांधकामं केली. कुष्ठरोग्याच्या सावलीला न उभं राहणारे आपले शेजारी त्यानंतर आनंदवनाचा भाजीपाला विकत घेऊ लागले. धर्मादाय कामात अशा अनपेक्षित कमाया असतात.

आता थोडं गणित.

सरकारी निकषानुसार आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र असावं. मैदानी भागासाठी हेच आकडे ३० हजार आणि ५ हजार. ऐकायला सवलत मोठी आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १० लाख ७२ हजारांच्या आसपास आणि घनता दर चौरस किलोमीटरला ७४ माणसं. म्हणजे २० हजार माणसं गोळा करायला सरासरी २७० चौरस किलोमीटरचा प्रदेश लागतो. निकष तंतोतंत पाळला तरी केंद्राच्या कडेचा टोला सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटरवर राहतो, आणि जंगलात सरळ रेषा फक्त नकाशात असते. भामरागड, एटापल्ली या भागांत वस्ती सरासरीहून बरीच विरळ, तेव्हा तिथलं अंतर आणखी वाढतं. चंद्रपूर जिल्ह्याची सरासरी घनता गडचिरोलीच्या अडीचपट, कारण त्यात कोळसा-सिमेंटची शहरं आहेत. पण जिवतीच्या डोंगरावरच्या कोलाम गुड्यांना त्या सरासरीचा काही उपयोग नाही.

त्यात पावसाळा. पर्लकोटेचा पूर दरवर्षी भामरागडच्या पुलावर चढतो आणि तालुक्याचं गाव तुटतं. नेमक्या याच दिवसांत मलेरिया वाढतो, साप निघतात आणि रोवणीसाठी माणसं दिवसभर चिखलात असतात. दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज आणि दवाखान्यापर्यंत पोचणं सगळ्यात अवघड, हे दोन्ही एकाच महिन्यात. खाटेला बांबू बांधून चौघांनी रुग्ण वाहून नेल्याच्या बातम्या याच काळात वर्तमानपत्रांत येतात. शहरी वाचक हळहळतो आणि रस्त्याची मागणी करतो. मागणी रास्तच आहे. पण रस्ता होईपर्यंतच्या बाळंतिणीचं काय, हा प्रश्न उरतोच. त्यावर सरकारनं काढलेला एक चांगला तोडगा म्हणजे ‘माहेरघर’. गरोदर बाईनं दिवस भरण्याच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस आणि लहान मूल असलं तरी चालतं, जेवणाची व्यवस्था तिथेच. इथिओपिया, इरिट्रिया, झांबिया अशा देशांतही बाळंतपणाआधी मुक्काम करण्याची अशी घरं आरोग्य केंद्रांना जोडून उभारली गेली. हजारो मैलांवरच्या दोन मुलखांना एकच युक्ती सुचते, कारण अडचण एकच आहे. मात्र ज्या माहेरघरात कुणी राहत नाही, तिथे बहुधा शोधग्रामातला तो जुना प्रश्न कुणी विचारलेला नसतो. घरी चार पोरं आणि शेतात धान टाकून बाईनं आठ दिवस येऊन राहावं, असं आपण म्हणतो. तिच्या घरातली चूल तोवर कोण पेटवणार?

इमारत, रस्ता, डॉक्टर हे सगळं असूनही लोक मरत राहतात, हे बंग दांपत्याला गडचिरोलीत आल्यावर लवकरच कळलं. त्यांचा पहिला अभ्यास मात्र फसला. आदिवासींमध्ये सिकलसेलचा रक्तदोष आहे हे त्यांनी दाखवून दिलं. विज्ञान म्हणून ते महत्त्वाचं होतं, पण बरं करता न येणाऱ्या, पिढीजात दोषात गावकऱ्यांना काही रस वाटला नाही. त्यांची दुखणी वेगळी होती. बायकांनी राणी बंग यांच्यापाशी हळूहळू अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, कंबरदुखी याबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यातून दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली आणि १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार होता, आणि यापूर्वी कधीही तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर जगभरच्या आरोग्य योजनांना गरीब बाईचं फक्त गर्भाशय दिसत होतं, तेही मूल होण्यापुरतं किंवा न होण्यापुरतं.

पुढची गोष्ट न्यूमोनियाची, आणि ती जरा सावकाश सांगण्यासारखी आहे.

गडचिरोलीत लहान मुलांच्या मृत्यूंचं एक मोठं कारण न्यूमोनिया होतं. औषध स्वस्त होतं. अडचण होती ती ओळखण्याची, कारण साधा खोकला आणि न्यूमोनिया यांत फरक करायला स्टेथोस्कोप आणि डॉक्टर हवा, अशी समजूत. वास्तविक श्वास मोजले तरी पुरतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षाचं मूल ५० किंवा जास्त घेत असेल, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा. गावातली दाई हे करू शकेल का? तिला बाळाची छाती कशी चालते ते डॉक्टरपेक्षा चांगलं दिसतं, पण तिला साठपर्यंत मोजता येत नाही. मग ‘सर्च’नं मण्यांची एक चौकट बनवली, सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ओळीत आधी हिरवे मणी, शेवटी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची पाळी आली तर न्यूमोनिया, औषध सुरू करा. लहान बाळांसाठी एक ओळ, मोठ्यांसाठी दुसरी. दाईला अंक यावे लागत नाहीत, दहापर्यंत बोटं पुरतात.

हसण्यावारी न्यावं असं हे खेळणं. पण १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, गावातल्या आरोग्यसेवकांनी आणि दायांनी उपचार केलेल्या भागात न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, तर शेजारच्या, जिथे हे केलं नव्हतं अशा भागात १७.५.

यानंतरचं पाऊल नवजात बाळांचं, आणि त्यावर वैद्यकीय जगात खडाजंगी झाली. बाळंतपणं घरीच होत होती. जन्मल्यावर पहिल्या महिन्यात मरणाऱ्या बाळांना रुग्णालयात नेणं शक्य नव्हतं, आणि नेलं तरी आईबाप तयार नसत. म्हणून गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बाईला ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण दिलं गेलं. बाळंतपणाच्या वेळी दाईसोबत हजर राहायचं, श्वास न घेणाऱ्या बाळाला कृत्रिम श्वास द्यायचा, वजन करायचं, उबदार पिशवीत ठेवायचं, पुन:पुन्हा घरी जाऊन पाहायचं. आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायचं. थोड्याफार यत्ता शिकलेल्या बाईनं दोन दिवसांच्या बाळाला इंजेक्शन द्यायचं, या कल्पनेनंच अनेक बालरोगतज्ज्ञ हादरले. १९९९ मध्ये ३९ गावांतल्या प्रयोगाचे आकडे प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला होता, तुलनेच्या गावांच्या हिशेबानं ६२ टक्के घट. रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात १६-१७ मरत. आरोग्यदूतांच्या उपचारांनंतर हे प्रमाण तीनच्याही खाली आलं.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली. ती आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या ज्या देशांत बाळंतपणं आजही घरी होतात, तिथल्या आरोग्य योजनांपर्यंत गेली. २०११ पासून भारतात आशाताई हेच काम करू लागल्या: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात. या सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर आशाताईला मिळायचे २५० रुपये. इथे इथिओपियाचं उदाहरण आपल्याला टोचायला हवं. आपल्याहून गरीब असलेल्या त्या देशानं २००३ मध्ये गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तींची योजना सुरू केली, गावांच्या प्रत्येक गटाला दोन, आणि त्यांना सरकारी पगार दिला. आपल्याकडे आशाताई अजून ‘स्वयंसेविका’ आहे आणि मानधनासाठी मोर्चा काढते.

धर्मादाय दवाखान्यांच्या कहाण्यांत पैशाचा विषय सहसा सौजन्यानं टाळला जातो. टाळू नये. इमारतीसाठी देणगी मिळणं त्या मानानं सोपं. कोनशिला बसते, फीत कापली जाते, वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. परिचारिकेच्या तिसऱ्या वर्षीच्या पगाराला पाटी लावता येत नाही. डिझेल, इन्व्हर्टरची बॅटरी, रक्त तपासणीची रसायनं, सर्पदंशाची लस यांचं उद्‌घाटन होत नाही. एकट्या सर्पदंशाच्या लशीचं उदाहरण घ्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारी लस द्रवरूपात असेल तर ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, म्हणजे फ्रीज आणि अखंड वीज हवी. तीच भुकटीच्या रूपात घेतली तर साध्या कपाटात टिकते. एटापल्लीच्या जंगलात कुठली घ्यावी हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण मुदत संपण्याआधी नवा साठा मागवणारं, एका रुग्णाला दहा-वीस कुप्या लागू शकतात हे जाणणारं आणि रात्री दोन वाजता कपाटाची किल्ली असलेलं माणूस मात्र लागतं. किल्लीवाला माणूस सुट्टीवर असल्यानं हुकलेले जीव कुठल्याही अहवालात मोजले जात नाहीत.

इमारत चांगली असू नये असं नव्हे. ऱ्वांडाच्या उत्तर डोंगराळ भागात बुटारो इथे २०११ मध्ये उघडलेलं रुग्णालय पाहण्यासारखं आहे. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या त्या जिल्ह्यात तोवर धड रुग्णालय नव्हतं. ऱ्वांडा सरकार, पॉल फार्मर यांची पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था आणि मास डिझाइन ग्रुपचे वास्तुविशारद यांनी ते तिथल्याच ज्वालामुखीच्या दगडात, तिथल्याच हजारो माणसांच्या हातून बांधून घेतलं. क्षयरोग बंद, कोंदट कॉरिडॉरमध्ये पसरतो, म्हणून तिथे कॉरिडॉर इमारतीबाहेर काढले आणि खिडक्या-पंखे असे ठेवले की आतली हवा सतत बदलत राहील. यंत्रं कमी आणि वारा जास्त. माँ दंतेश्वरीच्या सुट्या झोपड्या लोकांनी भीतीपोटी मागितल्या होत्या, बुटारोत वारा जंतुसंसर्गाच्या विचारातून आला. दोन्ही वाटा मोकळ्या अंगणात येऊन भेटतात.

बुटारोत ध्यानात ठेवण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे तिथे सरकार पहिल्या दिवसापासून भागीदार होतं. आपल्याकडे गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत संस्था आणि शासन यांचं नातं कधी गोडीचं, कधी कुरबुरीचं राहिलं आहे. कुरखेड्यात डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी १९८४ पासून ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या नावानं काम केलं. आरोग्य हे डॉक्टरनं द्यायचं दान नाही, ही त्यांची भूमिका संस्थेच्या नावातच आहे. आदिवासी आरोग्यावरच्या तज्ज्ञ समितीनं, जिचे अध्यक्ष डॉ. अभय बंग होते, २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटलं आहे की देशाच्या लोकसंख्येत आदिवासी ८.६ टक्के, पण मलेरियाच्या मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा निम्मा. एवढा मोठा फरक धर्मादाय दवाखान्यांनी भरून निघत नाही. हेमलकशाचा दवाखाना वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण तपासतो हे खरं, पण हेमलकसा एकच आहे. सरकारी उपकेंद्रं शेकडो आहेत. त्यातली निम्मी रोज वेळेवर उघडली तरी जे होईल ते दहा हेमलकसांना जमणार नाही.

मग संस्थांचा उपयोग काय? सरकार करू धजत नाही ते करून दाखवणं, एवढा. गावातल्या बाईला इंजेक्शन देऊ द्यायचा धोका कुठल्याही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यानं पत्करला नसता. संस्थेनं पत्करला, मोजला, छापला, मग सरकारनं उचलला. आणि दुसरं काम टिकण्याचं. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांच्यावर चित्रपट निघाला, हेमलकशाला पर्यटकांच्या बसगाड्या लागल्या. त्या गर्दीत एक गोष्ट झाकून जाते: त्यांचा मुलगा डॉ. दिगंत आणि सून डॉ. अनघा, ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, आज तिथेच रुग्ण तपासतात. पहिल्या पिढीच्या वेडावर दवाखाना सुरू होतो. दुसऱ्या पिढीला वेडाबरोबर वेळच्या वेळी पगार, मुलांना शाळा आणि सुट्टीच्या दिवशी बदली डॉक्टर लागतो. हे दिलं नाही तर पाटी राहते आणि डॉक्टर जातो. माँ दंतेश्वरी दवाखान्यानं बाहेरच्या तज्ज्ञांची शस्त्रक्रिया शिबिरं भरवून यावर थोडा मार्ग काढला आहे. मुंबईचे पाठीच्या कण्याचे शल्यविशारदही तिथे येतात, आणि धानाच्या बांधात वाकून वाकून कंबर गेलेल्या माणसांना नागपूर-मुंबईचा हेलपाटा वाचतो.

तेव्हा जंगलातल्या कुठल्याही दवाखान्याला, मग तो गडचिरोलीतला असो की गॅबनमधला, पैसे देऊ इच्छिणाऱ्या वाचकाला एक विनंती. पावती फाडण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा: नर्सचा पगार कुठून येतो, औषधांचा वर्षाचा खर्च किती, आणि पुराच्या दिवसांत तिथे मुक्कामाला डॉक्टर कोण असतो. उत्तरं पटली तर देणगीच्या पत्रात ‘इमारतीसाठी’ असं न लिहिता ‘चालू खर्चासाठी’ असं लिहा, आणि पाटीवर नाव नको म्हणून कळवा.